वायरमन नानांची एकसष्टी

मला कंपनीत माघारी ‘कुलूपबाई’ म्हणतात. हे मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता हा अंक ऑफिसात हातोहात फिरला की कळेल. नाव ठेवणाऱ्याने अगदीच खोटं ठेवलेलं नाही. नागापूरच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या गोडाऊनच्या वर आमची छोटी कंपनी आहे. जिल्हाभर जागोजागी जे जाहिरातींचे आणि सूचनांचे मोठे पडदे लागले आहेत, त्यांतले बरेच आमचे. त्यांच्यावर काय दिसायचं, कधी दिसायचं आणि कधी थांबायचं याची किल्ली माझ्या हातात असते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा सगळ्या पडद्यांवरचं नाव मीच बदललं. तोंडात मात्र अजून नगरच येतं.

लोकांना वाटतं, भिंतीवर मोठा टीव्ही लावला, मागे पेन ड्राइव्ह खोचला, झालं काम. सुरुवातीला खरंच तसं होतं. मग एका तालुक्याच्या गावी, दुसऱ्याच एका कंपनीच्या पडद्यात, ऐन बाजाराच्या दिवशी कुणीतरी आपला पेन ड्राइव्ह खोचला आणि जे दिसू नये ते भर चौकात दिसायला लागलं. भाजी मांडून बसलेल्या बायांनी पदर तोंडावर घेतले. पडदा बंद कसा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका कापडवाल्याने दुकानातला गज आणून काच फोडली. आमच्या पडद्यासाठी जागा बघायला म्हणून मी नेमकी तिथे गेले होते. ज्याने खोचला तो कुठेतरी हसत उभा असेल, आणि माना खाली होत्या त्या बायांच्या. माझा कडकपणा त्या दिवशीचा आहे.

काम काय असतं ते साध्या भाषेत सांगते. पडद्यामागे एक लहान पेटी असते, तिला आम्ही प्लेअर म्हणतो. आमच्या ऑफिसातून निघणाऱ्या प्रत्येक चित्रावर संगणकातून एक मोहोर बसते. ती डोळ्यांना दिसत नाही, पेटीला दिसते. वाटेत कुणी एक अक्षर जरी बदललं तरी मोहोर तुटते आणि पेटी ते चित्र घेत नाही. हे चित्र कुठल्या पडद्यासाठी आणि कधीपासून कधीपर्यंत, हेही त्या मोहोरेतच बांधलेलं असतं. जिथे इंटरनेट आहे तिथे पेटी आपणहून थोड्याथोड्या वेळाने आमच्या सर्व्हरला विचारते, नवीन काही आहे का. बाहेरून तिला कुणी हाक मारलेली चालत नाही. जिथे रेंज नाही तिथे आमचा माणूस मोहोरबंद पेन ड्राइव्ह घेऊन जातो आणि कुलूप उघडून लावतो. मुदत संपली की चित्र आपोआप जातं. पेटीतलं घड्याळही बाहेरून मागे सारता येत नाही, नाहीतर शिळी सूचना कुणीही पुन्हा जिवंत करील.

पण मोहोर, कुलूप हे सगळं सोपं. अवघड असतो तो माणसांचा शब्द. प्रत्येक पडद्याचा आणि प्रत्येक जाहिरातीचा शब्दाचा धनी एकच असतो. त्याने सांगितलं तरच लावायचं, त्याने सांगितलं तरच काढायचं. एका दवाखान्याच्या पडद्यावरचं डॉक्टरांचं नाव बदला म्हणून मला फोन आला. “मी मोठा साहेब बोलतोय.” मी म्हटलं, साहेब, तुमच्याकडून ज्यांचं नाव दिलंय त्यांच्याकडून येऊ द्या. साहेब खरेच होते आणि भयंकर चिडले. पुढे काही महिन्यांनी हुबेहूब त्याच साहेबांच्या आवाजात फोन आला, दवाखाना तीन दिवस बंद असल्याची सूचना लावा म्हणून. आवाज संगणकाने बनवलेला होता. मी तेच उत्तर दिलं. खऱ्या साहेबांनी त्यानंतर दिवाळीला फराळाचा डबा पाठवला. त्यातल्या चकल्या मऊ होत्या, पण पाठवला हे महत्त्वाचं.

एवढं सांगितलं ते नानांची गोष्ट कळावी म्हणून.

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अंगाला एक खोरं आहे. तिथल्या एका वळणावर आमचा एक पडदा आहे. वळण उतरलं की ओढ्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल, लागते. पाऊस झाला की फरशीवरून पाणी जातं, आणि रविवारी फिरायला आलेले लोक गाड्या तशाच पाण्यात घालतात. म्हणून तो पडदा. रेंज तिथे औषधालाही नाही. त्यामुळे सूचना आधीच पेटीत भरून ठेवलेल्या आहेत, आणि पेटीला तीन बटणं आहेत: हिरवं ‘रस्ता मोकळा’, पिवळं ‘सावकाश जा’, लाल ‘जाऊ नका’. ग्रामपंचायतीचा शिपाई पोपट फरशी बघून येतो आणि बटण दाबतो. मधल्या वेळात गावच्या जाहिराती, शुभेच्छा चालतात. त्यावर पडद्याचा खर्च निघतो.

हा पडदा उभा राहिला तो नानांमुळे. नाना म्हणजे त्या खोऱ्याचे निवृत्त वायरमन. वाऱ्यापावसात खांबावर चढून वाड्यावस्त्यांचे दिवे चालू ठेवण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. वळणावर त्यांचंच घर. आम्ही वीज कुठून घ्यायची म्हणून डोकं खाजवत होतो तेव्हा ते लुंगीवर बाहेर आले आणि म्हणाले, “माझ्या घरावरनं घ्या की. पर जोडनी मी करनार. तुमच्या पोरांचं काम म्या बघितलंय.” आमच्या पोरांनी मान खाली घातली. नानांनी जोडणी केली, पडदा पेटला, आणि त्या उजेडात ते असे काही हसले की मी मोबाईल काढून फोटो घेतला. समोरचे दोन दात पडलेले, डोळे बारीक झालेले. पुढे रोज सकाळी ते पडद्याची काच पुसायचे. आम्ही सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे वाढदिवसाचे फलक म्हणजे काय प्रकार असतो ते नगरकरांना सांगायला नको. वर मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. हे फलक पुढाऱ्यांचे आणि पुढारी होऊ पाहणाऱ्यांचे. वायरमनचा वाढदिवस कोण लावतो? पण नानांची एकसष्टी आली तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी ठरवलं की लावायचा. पुढाकार भाऊसाहेबांचा. हे पलीकडच्या गावचे, टोमॅटोची शेती करतात, बोलायला मोकळे, आणि त्यांच्या विहिरीवरची तुटलेली तार नानांनी भर पावसात जोडून दिलेली. म्हणजे या जाहिरातीच्या शब्दाचे धनी भाऊसाहेब. राजूर, अकोले, संगमनेर इथल्या पडद्यांवर आणि वळणावरच्या पडद्यावर, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, एक दिवस. फोटो माझ्याकडचाच घेतला. खाली लिहिलं, ‘आमच्या घरात उजेड आणणाऱ्या नानांना एकसष्टीच्या हार्दिक शुभेच्छा. दीर्घायुष्य लाभो.’ वळणावरचा पेन ड्राइव्ह आमचा माणूस आठवडाभर आधीच लावून आला. दिवस उजाडला की पेटी आपणहून चित्र दाखवणार होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी राजूरहून भाऊसाहेबांचा फोन आला. ते तुटक तुटक सांगत होते. नानांच्या छातीत कळ आली, जीपमध्ये घातलं, दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. थोड्या वेळाने ते सावरून म्हणाले, “मॅडम, ते समदं काढा. श्रद्धांजली लावा.”

शब्द धन्याचा होता. इंटरनेटवरच्या पडद्यांवरून शुभेच्छा मी ऑफिसात बसल्याबसल्या काढल्या. श्रद्धांजलीचं चित्र आमच्या डिझायनरने घाईत बनवलं. फोटो काळापांढरा केला, समई ठेवली, ‘शुभेच्छुक’ पुसून ‘शोकाकुल’ लिहिलं आणि खालची रांग तशीच ठेवली. म्हणजे दुःखात बुडालेली सगळी मंडळी गॉगल लावून हसत होती. मी ते परत पाठवलं. अशा चुका आमच्याच मुलखात होतात आणि आमच्याच मुलखात त्या कुणाला चुका वाटत नाहीत.

उरला वळणावरचा पडदा. तो मला नागापुरात बसून बदलता येत नव्हता. आमचा माणूस जामखेडला अडकला होता. म्हणून नवीन पेन ड्राइव्हवर मोहोर चढवली आणि उजाडायच्या आत कंपनीची गाडी काढून मीच निघाले. वाटेत सारखं एकच डोळ्यांपुढे येत होतं. सहा वाजले असतील, पेटीने चित्र लावलं असेल, आणि समोरच्या घरात नाना झोपवलेले असतील.

पोचले तेव्हा पडद्यावर ताडपत्री टाकून दोरीने आवळली होती. भुरभुर पाऊस होता. माणसं छत्र्या घेऊन उभी होती. नाशिकहून नानांची मुलगी यायची होती, म्हणून थांबले होते. पोपट कासावीस झालेला. “मॅडम, फरशीवर पानी वाढतंय. म्या पिवळं बटन दाबलंय, पर ताडपत्रीखाली कुनाला दिसनार? अन् ताडपत्री काढावी तर...” त्याने नानांच्या घराकडे पाहिलं.

भाऊसाहेब पुढे आले. डोळे सुजलेले. “बरं झालं आलात. बदला लगोलग. साऱ्या खोऱ्यातनं मानसं यायला लागल्यात. वर ‘दीर्घायुष्य लाभो’ आन् खालनं तिरडी. लोक तोंडात शेन घालतील आमच्या.”

मी पेटीचं कुलूप काढलं. पेन ड्राइव्ह हातात घेतला तेवढ्यात नानांच्या घरातून एक बाई आली. “काकू बोलावत्यात तुमाला. लगीच.”

काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, ओसरीत खांबाला टेकून बसल्या होत्या. नाना आत होते. काकूंच्या हातात हिरवा चुडा होता, एकसष्टीसाठी आदल्याच दिवशी भरलेला. ओवाळायला केलेले कणकेचे दिवे ताटात तसेच होते. त्या ओसरीतून पडदा अगदी समोर येतो. त्या रडत नव्हत्या. मला त्यांनी जवळ बसवलं.

“त्यो फोटू काढायला आलात?”

“हो काकू. भाऊसाहेबांनी सांगितलंय.”

“नका काढू.”

मला वाटलं, त्यांना नीट समजलं नसेल. मी सांगितलं की शुभेच्छा काढून त्या जागी नानांचाच फोटो लावतोय, श्रद्धांजलीचा, चांगला केलाय. त्यांनी माझा हात धरला.

“मेल्यावर समद्यांचेच फोटू लागत्यात, ताई. जित्या मानसाचा म्हनून लावलेला ह्यो येकच हाय. लोकाम्होरं म्हनायचे, मला न्हाई असलं आवडत. आन् मला म्हनले, सकाळी लवकर उठव, आपुन दोघं बघू. त्येंनी न्हाई बघितला. मला तरी दिसभर बघू द्या.”

शेजारी थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, ती तिरडी बांधायला लागल्यात. कपाळ पुसायचंय, चुडा उतरायचाय. अन् तुला वाढदिस सुचतोय?”

“आज एकसष्टी हाय त्येंची,” काकू म्हणाल्या. “त्यो फोटू तिथं हाय तवर माझ्या कपाळाला कुनी हात लावायचा न्हाई.”

“असं कुठं असतं व्हय?”

“नसंल. आज ऱ्हाऊ द्या.”

मी उठून बाहेर आले. आयुष्यभर मी एकाच नियमावर काम केलं, शब्द धन्याचाच. काकूंचा शब्द आमच्या लेखी कुठेच नव्हता. त्यांनी जाहिरात दिलेली नव्हती. पेन ड्राइव्ह बिघडला म्हणून खोटं सांगणं सोपं होतं, आणि ते मनात आलंही. पण एकदा मी स्वतःच्या मनाने लावायला-काढायला लागले, तर मग मोहोर कशाला आणि कुलूप कशाला?

मी भाऊसाहेबांना बाजूला घेतलं. “हे चित्र तुमच्या शब्दाने लागलंय, तुमच्याच शब्दाने निघेल. मी आत्ता बदलते. फक्त आधी ओसरीत जा आणि काकूंना तोंडाने सांगून या की आम्ही काढतोय.”

ते गेले. ओसरीच्या पायरीवर उभे राहिलेले मला दिसत होते. काकू काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. भाऊसाहेब परत आले ते थेट पडद्याकडे गेले आणि ताडपत्रीची दोरी सोडायला लागले. पावसाने गाठ घट्ट झाली होती. ती त्यांना सुटेना, तेव्हा पोपटने विळ्याने कापली.

“ऱ्हाऊ द्या, मॅडम,” ते मला म्हणाले. “कोन काय म्हनंल ते म्हनू द्या. श्रद्धांजलीचं उद्या बघू.”

ताडपत्री खाली आली आणि नाना हसायला लागले. दोन दात नसलेले, डोळे बारीक झालेले. मग पिवळी सूचना, मग पुन्हा नाना. मी लोकांच्या तोंडांकडे बघत होते. कुणी हसलं तर, ही भीती भाऊसाहेबांइतकी मलाही होती. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि हातात धरली.

मुलगी आली. तिने गाडीतून उतरताउतरता पडदा पाहिला आणि तिथेच चिखलात खाली बसली. बायांनी तिला उठवून आत नेलं. दुपारी नानांना नेलं. खांदेकरी पडद्याखालून जाताना थबकले, का ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मग पुढे निघाले. काकू ओसरीतून कधी खाली बघत होत्या, कधी वर. कपाळावर कुंकू होतं. थोरल्या जाऊबाई दाराशी उभ्या राहून पुटपुटत होत्या, पण पुढे आल्या नाहीत.

माझं काम संपलं होतं. खरं तर काम काही केलंच नव्हतं. तरी मी निघाले नाही. काकूंनी मला विचारलं, “उद्याला दिसंल का?” मी सांगितलं की मुदत आज सहापर्यंतच बांधलेली आहे. भाऊसाहेब म्हणाले, वाढवता येत असंल तर वाढवा, मी सांगतो. मी म्हटलं, त्यासाठी नगरला जाऊन नवीन मोहोर करून आणावी लागेल, इथे पेटी कुणाचंच ऐकत नाही. काकूंनी मान हलवली. “नको. वाढदिस काय रोज असतो?”

त्या तशाच बसून राहिल्या. जेवल्या नाहीत, चहा तेवढा घेतला. मधे एकदा मुलगी येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. तिच्या केसांतून त्यांचा हात फिरत होता आणि चुडा वाजत होता. पाऊस थांबला, पाणी उतरलं, पोपटने हिरवं बटण दाबलं. उजेड कमी व्हायला लागला तसा पडदा जास्तच उजळ दिसायला लागला.

सहा वाजत आले तेव्हा बाया आपोआप ओसरीत जमल्या. जाऊबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. काकूंनी डोळे मिटून घेतले. मला म्हणाल्या, “ताई, गेलं की सांगा.”

मी पडद्याकडे बघत उभी राहिले. ती पेटी मी निवडलेली, ते कुलूप मी बसवलेलं, ती मुदत माझ्या हाताने बांधलेली. इतक्या वर्षांत माझी एक पेटी वेळ चुकलेली नाही, आणि याचा मला गर्व आहे. त्या संध्याकाळी मात्र मी मनोमन हात जोडले. आज तू चूक, म्हटलं. कुठली तरी तार ढिली होऊ दे, घड्याळ अडकू दे, घटकाभर तरी चूक.

ती चुकली नाही. नाना हसत होते आणि पुढच्या क्षणी नव्हते.

“गेलं का?” काकूंनी विचारलं.

“गेलं, काकू.”

जाऊबाई पुढे वाकल्या. काकूंनी डोळे न उघडता त्यांचा हात हळूच बाजूला केला, आणि आपल्याच हाताने कुंकू पुसलं.